दुसऱ्याच्या सणाला जाताना

एरवीच्या दिवशी कुणाच्या घरी जाणे आणि सणाच्या दिवशी जाणे यांत मोठा फरक असतो. एरवी गेलेल्या पाहुण्याला घर आपल्या नेहमीच्या वेषात भेटते. सणाच्या दिवशी गेलेल्याला ते नटलेले, गजबजलेले आणि काहीसे गडबडलेले भेटते. देवघरात कुणाची तसबीर आहे, पंगतीत म्हाताऱ्या माणसांना कुठे बसवले जाते, घरकाम करणाऱ्या बाईचे ताट केव्हा वाढले जाते, ज्या नातलगाशी अबोला आहे त्याची आठवण कुणी काढते की नाही, अशा लहानसहान गोष्टींवरून त्या घराची रीत कळते. मात्र ती कळण्यासाठी पाहुण्याने डोळे उघडे ठेवावे लागतात. जो केवळ पक्वान्न खाऊन आणि यजमानांची तोंडभर स्तुती करून परततो, त्याच्या आठवणीत पक्वान्न तेवढे राहते. घर राहत नाही.

हीच गोष्ट देशांच्या बाबतीतही खरी आहे. भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबे गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने परदेशप्रवास करू लागली आहेत. या प्रवासाचा काळ पूर्वी बहुधा मुलांच्या शाळेची सुट्टी, नोकरदारांची शिल्लक रजा आणि विमानाचे भाडे या गोष्टींवरून ठरत असे. आजही तो बव्हंशी तसाच ठरतो. परंतु काही कुटुंबे आता आणखी एक विचार करताना दिसतात. ज्या देशाला जायचे, त्या देशाचा एखादा मोठा राष्ट्रीय उत्सव असेल त्याच दिवसांत जावे, असे त्यांना वाटते. ही आवड चांगली की केवळ नव्या प्रकारची हौस, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर हवेत शोधण्यापेक्षा एका उत्सवाच्या आधाराने शोधणे बरे. नेदरलँड्समधील राजदिन हा त्यासाठी चांगला नमुना आहे. तो दरवर्षी २७ एप्रिलला येतो, म्हणजे आपल्याकडील उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर. त्याच सुमारास तेथील ट्युलिपच्या बागाही फुललेल्या असतात. त्यामुळे भारतीय कुटुंबाला तो सोयीचा वाटला तर नवल नाही.

या उत्सवाचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. राजकन्या विल्हेल्मिना हिचा पाचवा वाढदिवस ३१ ऑगस्ट १८८५ रोजी होता. उट्रेख्त या शहरातील एका वृत्तपत्राच्या संपादकाने असे सुचवले, की धर्मपंथ आणि राजकीय पक्ष यांच्या भेदांनी विभागलेल्या लोकांनी या लहान मुलीच्या वाढदिवसाच्या निमित्ताने एकत्र यावे. त्यातून राजकन्या दिन सुरू झाला. १८९० मध्ये वडिलांच्या निधनानंतर विल्हेल्मिना वयाच्या दहाव्या वर्षी राणी झाली आणि पुढच्या वर्षापासून या दिवसाला राणी दिन म्हणू लागले. मराठी वाचकाला येथे एक साम्य जाणवल्यावाचून राहणार नाही. १८९३ च्या सुमारास 'केसरी'चे संपादक लोकमान्य टिळक यांनी घराघरांतील गणपतीला सार्वजनिक चौकात आणून लोकांना एकत्र आणण्याच्या कार्यास चालना दिली. दोन्ही देशांची स्थिती अगदी वेगळी होती. एक देश स्वतः साम्राज्य चालवत होता आणि दुसरा साम्राज्याखाली दबलेला होता. तथापि सर्वांना सामावून घेणारा उत्सव असला म्हणजे समाज जवळ येतो, ही जाण दोन्ही संपादकांना होती.

पुढे या दिवसाची तारीख राजसत्तेबरोबर बदलत गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने १९४० मध्ये देश ताब्यात घेतला, तेव्हा हा उत्सव साजरा करण्यास बंदी आली. राणी विल्हेल्मिना त्या वेळी लंडनमध्ये आश्रयाला होत्या. १९४८ मध्ये त्यांची कन्या युलियाना राणी झाल्या आणि १९४९ पासून हा दिवस त्यांच्या वाढदिवशी, म्हणजे ३० एप्रिलला होऊ लागला. १९८० मध्ये गादीवर आलेल्या बेआट्रिक्स यांचा वाढदिवस ३१ जानेवारीला असतो. तेथील कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उत्सव करणे अवघड, म्हणून त्यांनी आईचाच दिवस कायम ठेवला. ३० एप्रिल २०१३ रोजी त्यांचे पुत्र विलेम-अलेक्झांडर राजे झाले आणि २०१४ पासून त्यांच्या वाढदिवसाचा राजदिन सुरू झाला. २७ एप्रिल रविवारी आला, तर उत्सव आदल्या दिवशी शनिवारी होतो. २०१४ मध्ये तसे झाले आणि २०२५ मध्येही झाले. तारीख न तपासता प्रवास ठरवणाऱ्याची अशा वर्षी फसगत होते. एवढ्याशा गोष्टीवरूनही हे ध्यानात येते, की दुसऱ्याच्या सणाला जायचे तर आधी त्याचे पंचांग समजून घ्यावे लागते.

त्या दिवशी देशभर नारिंगी रंग दिसतो. कपडे, टोप्या, पताका, इतकेच काय पण एरवी गुलाबी लेपाची असणारी टॉम्पूस नावाची मिठाईसुद्धा त्या दिवशी नारिंगी होते. हा रंग राष्ट्रध्वजात नाही. डच ध्वज लाल, पांढरा आणि निळा आहे. नारिंगी रंग आला तो ओरांये-नासाऊ या राजघराण्याच्या नावातून, आणि ते नाव आले दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज या छोट्या संस्थानावरून. या घराण्याचा मूळ पुरुष विलेम याने सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाविरुद्धच्या उठावाचे नेतृत्व केले. १५८४ मध्ये डेल्फ्ट येथे त्याची हत्या झाली. १५६८ मध्ये सुरू झालेला तो लढा १६४८ च्या तहाने संपला आणि देशाचे स्वातंत्र्य मान्य झाले. म्हणजे गंमत म्हणून घातलेल्या नारिंगी टोपीमागे ऐंशी वर्षांचा संघर्ष आहे. ही टोपी घालणाऱ्या पाहुण्याला एवढे ठाऊक असेल, तर टोपीचा अर्थ बदलतो.

राजदिनाचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण अंग म्हणजे मुक्त बाजार. वर्षात या एका दिवशी सामान्य नागरिकाला परवान्यावाचून आणि करावाचून रस्त्यावर बसून आपल्या घरातील जुन्या वस्तू विकता येतात. आपल्याकडील जुना बाजार आणि जत्रा यांचे हे मिश्रणच म्हणावे लागेल. लोक आदल्या दिवसांपासूनच पदपथावर खडूने किंवा चिकटपट्टीने आपली जागा आखून ठेवतात. उट्रेख्तमध्ये तर हा बाजार आदल्या संध्याकाळी सुरू होऊन रात्रभर चालतो. अ‍ॅम्स्टरडॅममधील फोंडेल बाग मुलांसाठी राखलेली असते. तेथे मुले लहान झालेले बूट, वाचून झालेली पुस्तके, खेळून झालेल्या बाहुल्या मांडून बसतात. कुणी व्हायोलिन वाजवून, कुणी जादूचे प्रयोग करून चार नाणी मिळवते. सुखवस्तू घरातील मुलालाही रस्त्यावर बसून वस्तू विकण्यात कमीपणा वाटत नाही आणि त्याच्या आईवडिलांनाही वाटत नाही. ज्या समाजात रस्त्यावर बसून विक्री करणाऱ्याकडे आजही खालच्या नजरेने पाहिले जाते, त्या समाजातून आलेल्या मुलाला हे दृश्य पुष्कळ काही शिकवू शकते.

दुसरे अंग आहे सन्मानाचे. राजदिनापूर्वीच्या कामकाजाच्या दिवशी देशातील हजारो नागरिकांना राजाच्या नावाने मानचिन्हे दिली जातात. लोक त्याला फितींचा पाऊस असे गमतीने म्हणतात. त्यांत वर्षानुवर्षे वृद्धांची सेवा करणारे, गावातील वाचनालय किंवा वाद्यवृंद सांभाळणारे, खेळाचे मैदान राखणारे असे लोक मोठ्या संख्येने असतात. गावाचा महापौर स्वतः त्यांच्या छातीवर मानचिन्ह लावतो. पूर्वी, युलियाना राणींच्या काळात, लोक राजवाड्यापुढे जाऊन राणीला अभिवादन करीत. बेआट्रिक्स यांनी तो क्रम उलटा केला. तेव्हापासून राजघराणेच दरवर्षी एखाद्या गावाला जाते. ३० एप्रिल २००९ रोजी अ‍ॅपेलडोर्न येथे एका माणसाने गर्दीत मोटार घुसवली आणि उत्सवासाठी जमलेले सात जण प्राणास मुकले. तरीही पुढच्या वर्षी राजघराणे पुन्हा लोकांत मिसळले. भय मोठे होते, पण लोकांपासून दूर राहणे त्यांनी पसंत केले नाही.

आता या प्रवासावरील आक्षेपांकडे वळू या. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. उत्सवाच्या दिवसांत निवासाचे दर चढलेले असतात, गर्दी असते, शहराच्या मध्यभागी ट्राम बंद असतात, कालव्यांत नावांची दाटी होते आणि दुपारनंतर मद्याचा अंमलही दिसू लागतो. लहान मुले आणि वृद्ध आईवडील यांना घेऊन अशा ठिकाणी जाण्यात शहाणपण ते कोणते? हा आक्षेप खोटा नाही, परंतु त्याला उपाय आहे. राजदिन काही अ‍ॅम्स्टरडॅमपुरता मर्यादित नसतो. लहानशा गावातही तो तितक्याच मनापासून साजरा होतो, आणि तेथे आजोबांना बसायला बाक मिळतो व नातवाला विक्रेत्या मुलाशी दोन शब्द बोलता येतात. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आधी ठरवणाऱ्याला खर्चाची आखणीही आधी करता येते. शिवाय ज्यांना गर्दी मुळीच सोसत नाही, त्यांनी दुसऱ्या आठवड्यात जावे. उत्सव पाहणे हे काही कुणावर बंधन नाही.

दुसरा आक्षेप विचाराचा आहे. भारत हे प्रजासत्ताक आहे. जन्माने मिळालेल्या राजपदाला येथे स्थान नाही. मग एका राजाच्या वाढदिवसाला आपल्या मुलांनी नारिंगी टोपी घालून नाचावे काय? या प्रश्नात तथ्य आहे. खुद्द नेदरलँड्समध्येही राजेशाही नको असे मानणारे नागरिक आहेत आणि ते आपले मत उघडपणे मांडतात. त्यांतील कित्येक जण त्या दिवशी मुक्त बाजारात हिंडतही असतील. पाहुण्याने यजमानाच्या देवाची पूजा केलीच पाहिजे असे नाही. पूजेच्या वेळी शांत उभे राहिले तरी पुरते. किंबहुना मुलाने अशा वेळी प्रश्न विचारावा, हेच योग्य. राजा कशासाठी, त्याला अधिकार कोणते, निवडून आलेले मंत्रिमंडळ असताना राजा काय करतो, असे प्रश्न नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून क्वचितच सुचतात. ते रस्त्यावर सुचतात. राजघराण्याच्या स्वागतासाठी उभ्या असलेल्या गर्दीत विचारलेला असा एक प्रश्न मुलाला आपल्या संविधानाचे मोल पटवून देऊ शकतो.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याचे उत्तर सोपे नाही. दुसऱ्यांचा उत्सव आपल्यासाठी देखावा होऊन बसतो, असे हा आक्षेप सांगतो. पर्यटन कंपनीच्या बसमधून उतरायचे, कालव्याच्या पुलावर छायाचित्र काढायचे, गर्दीतील कुणा अनोळखी मुलाला विचारल्यावाचून त्याचे चित्र टिपायचे आणि संध्याकाळी पुढच्या शहराकडे निघायचे, असा प्रवास हजारो लोक करतात. त्यात यजमान देश रंगमंचावरचा पडदा होतो. पंढरीच्या वारीत केवळ छायाचित्रांसाठी घुसणारी माणसे वारकऱ्यांना कशी वाटत असतील, याचा विचार केला म्हणजे या आक्षेपाची धार जाणवते. आपल्या भक्तीचा, आपल्या आनंदाचा कुणी तमाशा करू नये असे जर आपल्याला वाटते, तर तोच नियम आपण परक्या भूमीवरही पाळला पाहिजे.

यावर एक उपाय सुचतो. राजदिन हा एकटा दिवस म्हणून पाहू नये. २७ एप्रिलपासून ५ मेपर्यंतचे नऊ दिवस एकत्र पाहावेत. नऊ दिवसांची आपल्याला सवय आहे. नवरात्रात रोजची माळ वेगळी असते. तेथेही या नऊ दिवसांत एकाच राष्ट्राची निरनिराळी रूपे दिसतात. ४ मे हा तेथे स्मृतिदिन असतो. त्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. ज्या डाम चौकात आठवड्यापूर्वी गाणी-बजावणी चालली होती, त्याच चौकातील राष्ट्रीय स्मारकापाशी राजा आणि राणी मान खाली घालून उभे असतात. दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी, १९४५ मध्ये जर्मन सैन्याच्या ताब्यातून झालेल्या मुक्ततेचा आनंद साजरा होतो. त्या पाच वर्षांत नेदरलँड्समधील एक लाखाहून अधिक ज्यू नागरिक मारले गेले. अ‍ॅन फ्रँक ही त्यांच्यापैकीच एक मुलगी. प्रिन्सेनग्राख्त या कालव्याकाठचे ज्या घरात ती लपून राहिली, ते घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. राजदिनी बाहुल्या विकणारी मुलगी आणि त्या घरातील रोजनिशी लिहिणारी मुलगी, या दोघींना एकाच प्रवासात भेटलेले कुटुंब नेदरलँड्सविषयी केवळ 'सुंदर देश' एवढेच बोलून थांबणार नाही.

नऊ दिवसांत न मावणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती थेट भारताशी जोडलेली आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०२ मध्ये झाली. सतराव्या शतकात या कंपनीने कोकणात वेंगुर्ला येथे वखार घातली होती. त्या वखारीचे भग्नावशेष आजही उभे आहेत. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगिजांकडून कोची घेतले. अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्यांकाठी जी देखणी घरे पर्यटक डोळे भरून पाहतात, त्यांच्या वैभवात आशियातील मसाल्यांच्या आणि अटलांटिक महासागरातील गुलामांच्या व्यापाराचा वाटा आहे. डच वसाहतींत १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु सुरिनाममधील मुक्त झालेल्या बहुतेक लोकांना पुढची दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावेच लागले. ती मुदत १८७३ मध्ये संपली आणि मळेवाल्यांना नवे मजूर हवे झाले. त्याच वर्षी जून महिन्यात 'लल्ला रूख' नावाचे जहाज कलकत्त्याहून सुमारे ४०० भारतीय करारबद्ध मजुरांना घेऊन सुरिनामला पोहोचले. १९१६ पर्यंत असे ३४ हजारांहून अधिक भारतीय तेथे गेले. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळ जण नेदरलँड्समध्ये येऊन राहिले. हेग शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांची सरनामी भाषा भोजपुरी व अवधी यांच्या कुळातली आहे.

राजदिनी नारिंगी कपडे घालून हिंडणाऱ्या गर्दीत भारतीय पाहुण्याला आपल्यासारख्या चेहऱ्याची जी माणसे दिसतात, त्यांतील अनेकांच्या पणज्या-खापरपणज्या करारावर अंगठा उमटवून जहाजात चढल्या होत्या. ही माणसे आज तेथील नागरिक आहेत आणि तो उत्सव त्यांचाही आहे. १ जुलै २०२३ रोजी राजा विलेम-अलेक्झांडर यांनी अ‍ॅम्स्टरडॅममधील जाहीर समारंभात गुलामगिरीतील देशाच्या सहभागाबद्दल क्षमा मागितली. ज्याच्या वाढदिवसाला देश नाचतो, त्यानेच पूर्वजांच्या पापाबद्दल लोकांसमोर क्षमा मागावी, ही लहान गोष्ट नव्हे. क्षमेने झालेला अन्याय पुसला जात नाही, हेही खरे. पण ज्या उत्सवाला आपली सावली पाहण्याचे धैर्य असते, तो उत्सव अधिक आदरास पात्र ठरतो.

येथे कुटुंबाची भूमिका येते. एकटा प्रवासी हे सारे पुस्तकातून वाचू शकेल. कुटुंबाबरोबर जाण्यात वेगळा लाभ आहे, कारण एकाच दृश्याकडे तेथे तीन पिढ्यांचे डोळे लागलेले असतात. आजीला रस्त्यावर मांडलेली जुनी भांडी पाहून मोडीवर दिलेल्या आपल्या तांब्या-पितळेची आठवण होते. वडिलांना प्रश्न पडतो, की एवढ्या गर्दीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ते कोण झाडते. मुलगी आपल्या वयाच्या विक्रेतीकडून एक पुस्तक घासाघीस करून विकत घेते आणि धन्यवादाचा डच शब्द शिकते. संध्याकाळी निवासस्थानी ही सर्व माणसे एकत्र बसून दिवसाविषयी बोलली, तर प्रवासावर खर्च झालेल्या पैशाचे चीज झाले असे समजावे. बोलली नाहीत, प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमधील छायाचित्रे चाळत बसला, तर घरी बसून दूरदर्शन संचावर तो उत्सव पाहिला असता तरी फार बिघडले नसते.

या प्रवासाचा खरा कस मात्र परतल्यानंतर लागतो. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे आपले राष्ट्रीय सण. शाळेत ध्वजवंदन होते, वसाहतीच्या आवारात झेंडा फडकतो, काही मिठाई वाटली जाते आणि दहाच्या सुमारास रस्ते ओस पडतात. सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला, तर लोणावळ्याच्या घाटात वाहनांची रांग लागते. परक्या देशाच्या राष्ट्रीय दिवसासाठी सात हजार किलोमीटर उडून जाणारे कुटुंब आपल्या राष्ट्रीय दिवशी गाव सोडून जात असेल, तर त्यात काही तरी विसंगत आहे. विश्रांतीचा हक्क कुणी नाकारत नाही. पण आपल्या वसाहतीचा झाडूवाला, पहारेकरी, कोपऱ्यावरचा भाजीवाला यांना त्या दिवशी मानाने बोलावून त्यांच्या हस्ते झेंडा फडकवावा, मुलांनी आपली जुनी पुस्तके आणि खेळणी मांडून एक बाजार भरवावा, ज्यांनी गुपचूप चांगले काम केले त्यांचा सत्कार करावा, हे सारे करण्यास सरकारी आदेश लागत नाही. डच लोकांनीही आपला उत्सव एका संपादकाच्या सूचनेवरून उभा केला होता.

हा लेख वाचणाऱ्या अनेकांना परदेशप्रवास सध्या शक्य नसेल. कुणी दिवसा काम करून रात्री अभ्यास करीत असेल, कुणाच्या डोक्यावर घराचा भार असेल. त्यांच्यासाठीही या विचाराला अर्थ आहे, कारण दुसऱ्याच्या सणाला जाण्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. मराठी माणसे इंदूर-बडोद्यात आहेत, तंजावरात आहेत, दिल्ली-बंगळुरूतही आहेत. त्यांच्या शेजारी कुठे पोंगल आहे, कुठे ओणम, कुठे ईद, कुठे नाताळ, तर कुठे गुरुपरब. शेजाऱ्याच्या सणाला आपण काय घेऊन जातो? त्या सणाची कथा ठाऊक करून घेऊन जातो, की केवळ भूक घेऊन? त्याच्या आनंदात सामील होताना त्याच्या दुःखाच्या दिवसाचीही आपल्याला माहिती असते काय? बिर्याणी आणि केक यांची देवाणघेवाण चांगलीच आहे, पण ती मैत्रीची पहिली पायरी आहे.

तात्पर्य, उत्सवाच्या वेळी परदेशी जाण्यात गैर काही नाही. उलट, ज्या दिवशी एखादा समाज स्वतःची ओळख स्वतःलाच करून देत असतो, त्या दिवशी तेथे हजर असणे ही दुर्मीळ संधी आहे. परंतु तिच्याबरोबर जबाबदारीही येते. जाण्यापूर्वी इतिहास वाचावा, तेथे असताना यजमानांच्या रीतीचा मान राखावा, त्यांच्या हर्षाच्या दिवसाबरोबर त्यांच्या शोकाचा आणि पश्चात्तापाचा दिवसही ओळखून घ्यावा, आणि परतल्यावर आपल्या अंगणाकडे नव्या नजरेने पाहावे. एवढे करणाऱ्या कुटुंबाने नारिंगी टोपी खुशाल घालावी. २७ एप्रिलला तेथे रस्त्यावर उतरलेले ते कुटुंब १५ ऑगस्टला आपल्या गल्लीतही उतरले, तर तो प्रवास खऱ्या अर्थाने पुरा झाला असे म्हणता येईल.